सात, सहा, सहा

१२ फेब्रुवारी २००७, सोमवार

आज केलीने मला भर क्लासात अडवलं. आणि मी तिला गप्प बसवलं. असं बसवलं की चाळीस पोरं दोन मिनिटं हसत होती!

प्रश्न सदतीस. माझ्या पुस्तकातला सगळ्यात लाडका. सी भाषेतला प्रोग्राम, i मध्ये पाच आहे. एकाच ओळीत तीन गोष्टी छापायच्या — आधी नुसता i, मग i++ (म्हणजे छापून मग एकने वाढवा), मग ++i (म्हणजे आधी वाढवा, मग छापा). नवीन पोरं डावीकडून सुरुवात करतात, पाच-पाच-सात असं काहीतरी सांगतात आणि तोंडावर आपटतात. मग मी खडू उचलतो. "अरे, उजवीकडून खायचं!" उत्तर — सात, सहा, सहा. दरवर्षी याच प्रश्नाला पोरं "आयला!" म्हणतात. त्या एका "आयला"साठी मी नऊ वर्षं शिकवतोय, असं म्हटलं तरी चालेल.

तर केली उठली. समुद्रकाठच्या चौकहून येते, मच्छीमारांच्या वस्तीतून, उत्तनच्या बसने, पहिल्या बाकावर बसते, कधी दांडी नाही. म्हणाली, "सर, माझ्याकडे सात, सहा, सात आलं." कुठे? तर त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये कोणीतरी दिलेला कॉम्प्युटर आहे. तिच्या चुलतभावाने, जेसनने, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यावर लिनक्स टाकलंय. तिथे तिने चालवून बघितलं. "मग सर, नक्की उत्तर सांगताच येत नाही, असं नाही का?"

मी म्हणालो, "किती वाजता चालवलंस? भरतीची वेळ असेल. पाणी चढलं, सहाचे सात झाले!"

हशा. मागून एक जण ओरडला, "सर, कॉम्प्युटरला वास पण येत असेल!" मी त्याला दटावायला हवं होतं. मी हसलो. केली खाली बसली. मग मी गंभीर तोंड करून दोन शब्द सुनावले — "‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्याला कंपनी घरी पाठवते. ठाम बोलायला शिका."

आत्ता लिहिताना ते वासाचं वाक्य खुपतंय. पण मी थोडंच बोललो होतो.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

केली आली. शेवटच्या बाकावर बसली. एकही प्रश्न नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

शैलाने परत नोकरीचा विषय काढला. "चौतिसावं चालू आहे तुम्हाला. धर्माजी उद्या क्लास बंद करून खाली फरसाणाचं दुकान वाढवतील, मग काय करणार?" बायको आहे, खोटं बोलत नाही. क्लास धर्माजींचा, जागा धर्माजींची, माझं काय आहे तर एक खडू आणि एक पुस्तक.

पुस्तक मात्र माझं! ‘ईश्वर सरांचे शंभर फसवे प्रश्न’. झेरॉक्स आणि स्पायरल, पण भाईंदरपासून काशीगावपर्यंत इंजिनिअर व्हायला निघालेल्या प्रत्येक पोराकडे आहे. ते तयार कसं झालं हे लिहून ठेवतो, कोणी विचारलंच कधी तर. कंपनीच्या टेस्टला पेपर बाहेर नेऊ देत नाहीत. म्हणून मी पोरांना प्रश्न वाटून देतो — एक ते तीन तू, चार ते सहा तू. बाकी पेपर कसाही सोडवा, पण आपले तीन प्रश्न डोक्यात घेऊन बाहेर या. गेटबाहेर चहाच्या टपरीवर सगळे बसायचे, एकेकाने ओकायचं, एकाने लिहायचं. संध्याकाळी वही माझ्याकडे. उत्तरं मी काढायची — क्लासच्या जुन्या मशीनवर, निळ्या पडद्याच्या टर्बो सी नावाच्या कंपायलरमध्ये. पडदा जे दाखवेल ते पुस्तकात.

पर्याय मात्र कोणी आणत नाही. प्रश्न लक्षात राहतो, चार-चार पर्याय कोण लक्षात ठेवणार? मलाही कधी गरज वाटली नाही. उत्तर माहीत असल्यावर पर्याय कशाला!

तर — शैलाच्या समाधानासाठी अंधेरीच्या एका कंपनीत अर्ज टाकलाय. अनुभवी लोकांची भरती आहे. हीच ती कंपनी जिचा पेपर वर्षानुवर्षं बदलत नाही. धर्माजींना सांगितलेलं नाही. पोरांना तर नाहीच.

२४ फेब्रुवारी, शनिवार

लाज वाटावी असा दिवस. आणि तरी संध्याकाळी मी शीळ घालत घरी आलो. दोन्ही खरं.

सकाळी टेस्ट. धर्माजींना सांगितलं, दाढ दुखतेय. हॉलमध्ये शिरलो तर तिसऱ्या रांगेत माझाच एक जुना विद्यार्थी! तो उठून उभा राहिला — सवयीने. "सर, तुम्ही सुपरव्हिजनला?" मी म्हणालो, "हं." आणि मग पेपर वाटले गेले आणि मी त्याच्या मागच्या खुर्चीवर बसून पेन काढलं. त्याने मागे वळून बघितलं नाही. शहाणा आहे.

चौदावा प्रश्न — माझाच सदतिसावा! जुना मित्र भेटावा तसा आनंद. खाली पर्याय होते. मी पहिल्यांदाच बघितले. अ — सात, सहा, सहा. ब — सात, सहा, सात. क — पाच, पाच, सात. ड — नक्की सांगता येत नाही.

‘ड’ दोनदा वाचला. पण हात सवयीचा. ‘अ’वर टिक केली, ठळक.

दुपारी मुलाखत. समोर मनाली मॅडम, वय असेल अठ्ठावीस. माझा पेपर पुढ्यात. पुष्कळ बरोबर होतं. मग चौदाव्यावर बोट ठेवलं.

"हे तुम्ही शुअर आहात?"

"हो."

"कुठल्याही मशीनवर? कुठल्याही कंपायलरवर?"

नऊ वर्षांत हा प्रश्न मला एकीनेच विचारला होता, आणि तिला मी भरती-ओहोटी शिकवली होती! आणि मग मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे मलाच पुढे फिरवता येणार नाही. मी म्हणालो, "तसं नाही मॅडम. लिनक्सवर सात, सहा, सात येतं. मी स्वतः चालवून पाहिलंय. म्हणजे खरं तर नक्की सांगताच येत नाही."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "एक्झॅक्टली. कोणतं आधी करायचं हे भाषेच्या नियमात ठरवलेलंच नाही. कंपायलर त्याच्या मर्जीने करतो. चुकून टिक मारलीत, पण विचार करून उत्तर बदललंत. आम्हाला अशीच माणसं हवीत."

मी स्वतः चालवून पाहिलंय! केलीचे शब्द, केलीचं मशीन, केलीची मेहनत. माझं काय होतं त्यात? फक्त तोंड.

२५ फेब्रुवारी, रविवार

रद्दीवाल्याकडून जुनं मासिक आणलं, सीडीसकट. क्लास रिकामा होता. लिनक्स चालू केलं. तीन ओळींचा प्रोग्राम.

सात, सहा, सात.

परत चालवला. की-बोर्ड काढून परत लावला. पडदा पुसला — हो, रुमालाने पडदा पुसला, जसं काही सातवर धूळ बसली होती! सात, सहा, सात.

नऊ वर्षं. बॅचला चाळीस, वर्षाला तीन बॅचेस. हिशोब करवत नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

आज सांगणार होतो. रिक्षात बसून वाक्यं जुळवली होती. "मुलांनो, सदतीस नंबर खोडा. केली बरोबर होती." एवढंच. दहा सेकंदांचं काम.

क्लासच्या दारात गेलो तर धर्माजी शिडीवर उभे. नवा बॅनर! पिवळ्या अक्षरांत — "फसवे प्रश्न? ईश्वर सर!" आणि मधोमध हातभर मोठे आकडे, ७ ६ ६. वरून ओरडले, "काय सर, आवडला? पोरं सारखी हेच बडबडतात, म्हणून टाकलं. रिक्षावाले पण विचारतात, हा काय मटक्याचा नंबर आहे काय?"

मी म्हणालो, "मस्त."

मग आत जाऊन पुढचा धडा, ॲरे, शिकवला.

३ मार्च, शनिवार

शनिवार म्हणजे उजळणी. सगळे उभे राहतात, मी नंबर पुकारतो, पोरं एका सुरात उत्तर देतात. पाढे म्हणावेत तसं. पद्धत माझीच. टेस्टमध्ये विचार करायला वेळ नसतो, उत्तर जिभेवर हवं — हेही माझंच वाक्य.

छत्तीसपर्यंत गेलो. मनात आलं, सदतीस गाळू. सरळ अडतीस म्हणू. पण पोरं थांबतच नाहीत, त्यांना नंबरही पुकारावा लागत नाही. "सात! सहा! सहा!" खाली फरसाण घेणारी बाई वर बघत होती म्हणे.

केलीकडे बघितलं. आधी तिचे ओठ मिटलेले होते. मग माझी नजर तिच्यावर आहे हे तिच्या लक्षात आलं. मग तिनेही म्हटलं. सात. सहा. सहा.

तिला वाटलं, मी तिला दरडावतोय.

होळी आहे म्हणून लवकर सोडलं.

४ मार्च, रविवार

शैलाला सांगितलं. सगळं नाही. "एक उत्तर पुस्तकात चुकलंय," एवढंच. ती म्हणाली, "मग दुरुस्त करा. त्यात काय एवढं?" त्यात काय एवढं! हिला कसं सांगू की ते एक उत्तर चुकलं म्हणजे नेमकं काय चुकलं?

९ मार्च, शुक्रवार

त्याच अंधेरीच्या कंपनीत फ्रेशर्सची टेस्ट. शनिवार, सतरा तारखेला. माझ्या अकरा पोरांनी फॉर्म भरलाय. केलीनेही.

फी विचारायच्या निमित्ताने तिच्याशी बोललो. पुढे काय करणार? म्हणाली, "हे झालं तर झालं सर. नाहीतर मे महिन्यात कुवेतला. मावशी तिकडे आहे, दुकानात लावते म्हणते. आईने पासपोर्टचं पण सुरू केलंय." मी विचारलं, जायचंय तुला? तर म्हणाली, "नाही. मला हेच करायचंय." आणि हातातलं माझं पुस्तक वर केलं. स्पायरल सुटलंय, दोऱ्याने बांधलंय.

त्या पेपरात चौदावा प्रश्न कोणता असेल, हे मला माहीत आहे. भाईंदरमध्ये फक्त मला. आठ दिवस आहेत. आठ दिवसांत माणूस दहा सेकंद काढू शकत नाही?

१० मार्च, शनिवार

उजळणी. नाही काढले.

१५ मार्च, गुरुवार

आज जे केलं त्याला माफी नाही. आधीचं सगळं नुसतं गप्प बसणं होतं. आज मी तोंड उघडून केलं.

संध्याकाळी ऑफिसात धर्माजी, मी, आणि ॲडमिशन विचारायला आलेले दोन पालक. तेवढ्यात केली आली, वडिलांना घेऊन. एरिक त्यांचं नाव. स्वतःची बोट आहे. उन्हाने रापलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. पिशवीत पापलेटं, केळीच्या पानात गुंडाळलेली, बर्फ घालून. माझ्या टेबलावर ठेवली. "घरच्या बोटीची हायेत. ताजी हायेत, सर. वास न्हाय मारनार."

वास न्हाय मारनार! म्हणजे पोरीने घरी सांगितलं होतं. किंवा नव्हतं सांगितलं आणि हे असंच बोलतात. मला वर बघता येईना.

मग म्हणाले, "सर, परवा हिची परीक्षा हाय. घरात ही आनि तो जेसन नुसती वाद घालतात. मी बोललो, चल, सरांनाच इचार. आमाला त्यातला काय कलत न्हाय. सर सांगतील तेच खरां."

केलीने हळू आवाजात विचारलं. "सर, तो सदतीस आला तर काय लिहू?"

धर्माजी बघत होते. पालक बघत होते. भिंतीवर त्यांच्या डोक्यामागे बॅनरची छोटी आवृत्ती, ७ ६ ६. एरिक हात जोडल्यासारखे उभे. मला वाटलं, आता हे खरं सांगितलं तर सगळे एकदम माझ्याकडे वळून बघतील. बस, एवढंच वाटलं. दुसरं कुठलंही मोठं कारण नव्हतं.

मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेच."

"थँक यू सर," केली म्हणाली. एरिकनी मला नमस्कार केला. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस.

शैलाने पापलेटं तळली. म्हणाली, "काय झालं? काटा लागला का?" मी म्हणालो, हो.

१६ मार्च, शुक्रवार

आज फोन केला! निदान हे तरी मांडून ठेवतो माझ्या बाजूने.

ॲडमिशनच्या फॉर्मवरून चौकचा नंबर काढला. मी कुणाच्या घरी फोन करणाऱ्यातला नाही. नऊ वर्षांत एकाही पोराला केला नाही, पोरं हे एकमेकांना सांगतात पण — सर कडक आहेत, लाडबिड नाही. दुपारपासून पीसीओच्या तीन चकरा झाल्या. क्लासमधून करता येईना, धर्माजींचे कान. शेवटी साडेसहाला लावला.

तिच्या आईने उचलला. मॉली. "सर? क्लासचे सर? थांबा थांबा, ती चर्चमध्ये हाय. फ्रायडे हाय ना, उपासाचे दिवस. एक तासात येल. काय सांगू तिला?"

सांगायचं होतं — चौदाव्याला ‘ड’. दोन शब्द. आई लिहून घेईल, म्हणजे घरात विचारतील का, कसं, काल तर असं म्हणाले... पीसीओचं मीटर पळतंय. मागे एक माणूस उभा.

"काही नाही," मी म्हणालो. "ऑल द बेस्ट सांगा."

"अरे देवा! मुद्दाम फोन केला? सांगते हां सर, सांगते!" इतकी खूश झाली ती बाई.

एक तासाने परत करता आला असता. नाही केला. पण केला होता एकदा. अगदीच काही केलं नाही असं नाही.

१७ मार्च, शनिवार

टेस्ट झाली असेल. दाढ खरंच दुखतेय.

१८ मार्च, रविवार

काल रात्री भारत बांगलादेशकडून हरला. आज जो तो खाली मान घालून चालतोय. बरं वाटलं. आज मी वेगळा दिसत नव्हतो.

२१ मार्च, बुधवार

दोन पाकिटं. म्हणजे एक पाकीट आणि एक फोन.

पाकीट माझं. नेमणूक! दोन एप्रिलपासून. नव्या पोरांना ट्रेनिंग द्यायचं आणि टेस्टचं काम बघायचं. शैलाने पत्र देवासमोर ठेवलं, डोळे पुसले, शेजाऱ्यांना पेढे वाटून आली. मी हसत होतो. गाल दुखेपर्यंत हसत होतो.

फोन केलीचा, क्लासवर. अकरा जणांपैकी तिघं निघाले. केली नाही. तीसपैकी वीस लागत होते, हिला एकोणीस.

एकोणीस!

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "सॉरी सर. तुम्ही एवढं शिकवलं, फोन केला, आणि मी... पॉइंटरचे दोन चुकले माझे. माझंच चुकलं."

मी म्हणालो, "पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी! तिकडे पासपोर्ट यायला झालाय, आणि मी पुढच्या वेळी बघू म्हणतो.

२ एप्रिल, सोमवार

कंपनीत रुजू झालो. गळ्यात ओळखपत्र. फोटोत मी चांगला माणूस वाटतो.

३ एप्रिल, मंगळवार

मनाली मॅडमनी टेबलावर गठ्ठा ठेवला. सतरा तारखेचे पेपर. "सगळ्यात जास्त कुठे चुकतात ते काढा. तिथून ट्रेनिंग सुरू करू." मग स्वतःच हसल्या. "चौदावा बघा. गंमत आहे. भाईंदरचे अकरा आहेत, अकराच्या अकरा जणांनी ‘अ’! बाकी गावांची पोरं चुकतात पण वेगवेगळं चुकतात. हे एका सुरात चुकलेत. कोणीतरी पाठ करून घेतलंय."

मी पेपर सरळ करत होतो. आधीच सरळ होते.

"तुमच्या क्लासचे नसणार," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तर हे माहीत आहे."

"नाही मॅडम," मी म्हणालो. "आमचे नाहीत."

त्या जेवायला गेल्यावर गठ्ठा उपसला. ओळखीचं अक्षर आठवं निघालं. बारीक, सरळ, समास सोडून लिहिलेलं नाव. चौदाव्यावर गेलो.

‘ड’वर टिक होती. नक्की सांगता येत नाही. स्वच्छ, ठाम टिक. आणि मग ती खोडलेली. एकदा नाही, तीन आडव्या रेघा, पट्टीने मारल्यासारख्या. आणि मग ‘अ’वर नवी टिक. बाजूला इवल्या अक्षरांत आपलं नाव, खाडाखोड केली की सही करायची असते म्हणून. क्लासमध्ये मीच ते शिकवलंय.

तिला येत होतं. पेपर बघताक्षणी तिने बरोबर लिहिलं होतं. एकोणीसचे वीस झाले होते — काही मिनिटं का होईना, ही नोकरी तिची होती. आणि मी तिच्या उत्तरावर इथे खुर्चीत बसलोय, आणि ती माझ्या उत्तराने बाहेर.

संडासात जाऊन तोंड धुतलं. तीनदा.

४ एप्रिल, बुधवार

मनाली मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं — टिक खोडून दुसरी केली असेल तर?

"शेवटची टिक धरायची. पहिली बरोबर असली तरी."

"आणि परत बसता येतं?"

"सहा महिन्यांनी. का?"

"असंच," मी म्हणालो.

किती वेळा ‘असंच’ आणि ‘काही नाही’ आणि ‘मस्त’ म्हणणार आहे मी? ही वही मागे उलटून बघितली. प्रत्येक पानावर एकदा तरी संधी होती. एकदाही पैसे पडणार नव्हते, मार बसणार नव्हता. चाळीस पोरं दोन मिनिटं माझ्यावर हसली असती. तिच्यावर हसली तशी.

५ एप्रिल, गुरुवार

ठरलं. उद्या गुड फ्रायडेची सुट्टी आहे. उद्या चौकला जातो. तिला आधी सांगतो, तिच्या वडिलांसमोर, आणि सोमवारी मनाली मॅडमना — पेपर कोणाच्या क्लासचे, आणि लिनक्सवर कोणी चालवलं होतं. नोकरी गेली तर गेली. शैलाला सगळं सांगितलं, या वेळी सगळं. ती म्हणाली, "पापलेटं खाल्ली आपण त्यांची."

मनाला एकच आधार. मी अगदी दगड नव्हतो. सोळा तारखेला फोन केला होता.

६ एप्रिल, शुक्रवार

चौकला जाऊन आलो. चर्च सुटेपर्यंत बाहेर भिंतीपाशी उभा होतो. केली काळ्या ड्रेसमध्ये, आई-वडिलांबरोबर. तिघांसमोर सगळं सांगितलं. भरतीपासून नोकरीपर्यंत. मॉली तोंडावर हात ठेवून ऐकत होती. एरिक समुद्राकडे बघत होते.

मी केलीला विचारलं, तू बरोबर केलं होतंस, मग खोडलंस का? मी पुस्तकातलं लिही म्हणालो म्हणून?

"नाही सर. ते तर मी ऐकणारच नव्हते. जेसनशी पैज लागली होती, ‘ड’ केलं पण होतं. मग आठवलं, आई बोललेली, सरांनी मुद्दाम फोन केला. तुम्ही कुणालाच करत नाही. मग मला कसंतरी झालं, तुमचं सोडून माझं लिहायला. म्हणून खोडलं."